वर्ग आपणच भरवायचा

प्रवेश निश्चित झाल्याचा मेसेज येतो, काही दिवसांनी पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक येतो, मग यूजर आयडी आणि पासवर्ड. त्यानंतर काहीच घडत नाही. ऑनलाइन पदवीच्या पहिल्या सत्रातला सगळ्यात अवघड काळ हाच, आणि तो सुरू झालाय हे बहुतेक नव्या विद्यार्थ्यांच्या लक्षातही येत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक, बस, हजेरी, बाकावरचा शेजारी आणि "काल का नव्हतास?" हा प्रश्न, सगळं आपोआप मिळतं. अभ्यासाची इच्छा असो-नसो, त्याच्या दिवसाला एक सांगाडा येतो. ऑनलाइन शिकणाऱ्याच्या हाती अभ्यासक्रम पूर्ण पडतो, सांगाडा मात्र त्याला स्वतः उभारावा लागतो. कसा उभारायचा हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटतं.

घरबसल्या शिकणं नाशिकला नवं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय इथेच, गंगापूर धरणाच्या बाजूला गोवर्धन शिवारात आहे. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. कंपनीत पाळी करून पदवी घेतलेली माणसं, लग्नानंतर सुटलेलं शिक्षण पोरं मोठी झाल्यावर पुरं करणाऱ्या बाया, हे इथल्या लोकांनी जवळून पाहिलेलं आहे. पण मुक्त आणि ऑनलाइन या दोन वाटा वेगळ्या आहेत. मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणात छापील स्वयंअध्ययन पुस्तकं असतात, जवळचं अभ्यासकेंद्र असतं, तिथे संपर्कसत्रं, म्हणजे समोरासमोरचे तास होतात. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि चाचण्या असं सगळं एकाच पोर्टलवर असतं आणि परीक्षाही बरेचदा देखरेखीखाली संगणकावर होते. प्रवेशाच्या वेळी आपण यातलं नेमकं काय घेतोय हे विचारून घ्यावं. पुढची सगळी तयारी त्यावर ठरते.

कागदपत्रांचं आधी सांगून टाकतो, कारण ते रेंगाळलं की सत्राची सुरुवातच हुकते. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर स्वतः पाहावं. विद्यापीठाचं नाव यादीत असणं पुरेसं नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट सत्र तिथे दिसलं पाहिजे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर यांच्या पदव्या या मार्गाने देता येत नाहीत. कुणी एजंट त्या देतो म्हणाला तर तिथून उठावं. २०२४ पासून या अभ्यासक्रमांसाठी डीईबी आयडी लागतो, तो काढायला एबीसी, म्हणजे मिळवलेली क्रेडिट साठवणारं खातं लागतं, आणि एबीसी खातं आधारवर चालतं. गाडी अडते ती नावात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम बहुधा वेगळा. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. लग्न झालेल्या मुलींची कागदपत्रं तर दोन आडनावांत विभागलेली असतात. दहावीची गुणपत्रिका पाया धरून बाकी सगळं तिच्याशी जुळवून घ्यावं, आणि नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्राची प्रत हाताशी ठेवावी. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही पाहावं. तो वडिलांचा असेल आणि वडील शेतात असतील, तर ओटीपी दहा मिनिटांत मरतो आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून.

आता मुख्य हिशेब. मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. या ३० तासांत व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय, उजळणी सगळं आलं. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सत्राला २० क्रेडिट असतील तर ६०० तास. सत्र कागदावर सहा महिन्यांचं असतं, पण प्रवेश लांबतात, साहित्य उशिरा मिळतं, शेवटचे दिवस परीक्षेत जातात; हाताशी राहतात फार तर २० आठवडे. म्हणजे आठवड्याला ३० तास. हा आकडा पाहून घाबरायला होतं, पण तो पहिल्याच दिवशी पाहिलेला बरा. "रोज तासभर बसलं की होईल" या समजुतीने सुरुवात करणारा आठवड्याला सात तास देतो आणि त्यातच समाधानी राहतो. तिसऱ्या महिन्यात एकाच वेळी सगळं अंगावर येतं, तेव्हा त्याला वाटतं आपली बुद्धी कमी पडली. प्रत्यक्षात कमी पडलेले असतात तास.

नोकरी करणाऱ्याला ३० तास मिळणार नाहीत, हे मान्यच. माझ्या मते १५ ते १८ तास मनापासून मिळाले तर पदवीचं पहिलं वर्ष नीट निघतं. सगळं साहित्य सारख्याच खोलीने वाचायचा हट्ट मात्र सोडावा लागतो. आणि तेही जमत नसेल तर एक-दोन विषय पुढच्या सत्रावर ढकलण्यात कमीपणा नाही. मुक्त शिक्षणात पदवीला किमान कालावधीपेक्षा जास्त वर्षं मिळतात, ती असल्याच अडचणींसाठी.

पाळीत काम करणाऱ्याचं वेगळं आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळे "रोज रात्री आठ ते दहा" असलं वेळापत्रक दुसऱ्या आठवड्यात मोडतं. मोडलं की माणूस स्वतःला दोष देतो आणि बसणंच सोडतो. अशा वेळी अभ्यास घड्याळाऐवजी पाळीला बांधावा. पहिली पाळी असेल तर घरी आल्यावर चहा घेऊन लगेच दोन तास, जेवणाआधी. जेवणानंतर बसणं शरीर सोसत नाही. दुसरी पाळी असेल तर सकाळचा वेळ सगळ्यात चांगला, अवघड विषय या आठवड्यासाठी राखून ठेवावेत. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नये. पहाटे घरी येऊन व्हिडिओ लावणारे पुष्कळ असतात, पण त्यातलं डोक्यात फारसं काही उतरत नाही. झोप झाल्यावर, दुपारी चारनंतर तासभर फक्त उजळणी करावी. तीन आठवड्यांचा असा एक फेरा धरून सरासरी काढावी. एकेका दिवसाचा हिशेब ठेवला तर निराशाच येते.

निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना द्राक्षबागेचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. गोडी छाटणी साधारण ऑक्टोबरात, त्यानंतर फवारण्या, विरळणी, डिपिंग, आणि नव्या वर्षात काढणी. पहिल्या सत्राचे स्वाध्याय नेमके या धांदलीत येतात. म्हणून साहित्य मिळाल्याबरोबर ऑगस्ट-सप्टेंबरात निम्मे स्वाध्याय लिहून ठेवणं हाच एक उपाय. कॅलेंडरवर आधी बागेची कामं लिहावीत आणि उरलेल्या जागेत अभ्यास बसवावा. उलट केलं तर बाग थांबत नाही, अभ्यास थांबतो.

वेळ काढला तरी तो टिकवणं घरातल्यांच्या हातात असतं. ऑनलाइन शिकणाऱ्या मुलीला दिवसभर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "तू घरीच आहेस ना!" गॅसवाला येणार आहे, दार उघड. धाकट्याला क्लासला सोड. पाहुणे आलेत, चहा टाक. यातलं एकेक काम दहा मिनिटांचं असतं, पण तुटलेल्या तासाला पुन्हा सांधायला वेळ लागतो आणि दिवसात असे चार तुकडे पडले की हाती काहीच उरत नाही. मुलगा घरी शिकत असला तर दार लावून बसायची मुभा त्याला सहज मिळते, मुलीला ती मागून घ्यावी लागते. सुनेला तर मागण्याचीही चोरी. यावर भांडणाने मार्ग निघत नाही आणि गप्प बसण्यानेही नाही. घरातल्यांना 'अभ्यास' दिसत नाही, फक्त मोबाईल दिसतो. हातात मोबाईल घेऊन बसलेलं माणूस त्यांच्या लेखी मोकळं असतं. तेव्हा अभ्यास दिसेल असा करावा. विद्यापीठाचं परीक्षेचं आणि स्वाध्यायांचं वेळापत्रक छापून स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या नजरेला पडेल अशा जागी लावावं. दिवसातले कोणते दोन तास हाक मारायची नाही हे आई, सासूबाई, नवरा, जे कुणी घर चालवतं त्यांच्याशी आधी बोलून ठरवावं, आणि त्या तासांच्या आधी-नंतर कोणती कामं आपण करणार हेही त्याच वेळी सांगावं. व्हिडिओ पाहतानाही समोर वही-पेन असावं. पलंगावर आडवं होऊन पाहिलेला तास घरातल्यांनाही अभ्यास वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर तो नसतोच.

घर अगदीच लहान असेल तर बाहेर पडावं. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात अभ्यासिका भरपूर आहेत, महिन्याच्या फीवर स्वतःची खुर्ची मिळते. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे तासन्‌तास बसलेली असतात, त्यांच्यात बसलं की आपलंही बूड स्थिर होतं. सार्वजनिक वाचनालय नाशिक १८४० सालापासून या शहरात आहे. अशा जुन्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं की पोर्टलवर नसलेली मराठी संदर्भपुस्तकंही मिळतात. घरी निघत नसलेले तास अभ्यासिकेत निघतात, म्हणून महिन्याच्या खर्चात तिची फी धरायला मी नेहमी सांगतो.

व्हिडिओबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ऑनलाइन अभ्यासातली सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. चांगला शिक्षक पडद्यावर समजावून सांगत असतो, आपण मान डोलावत असतो, सगळं कळतंय असं वाटतं. दोन दिवसांनी त्याच घटकावरचा प्रश्न समोर आला की एक ओळ सुचत नाही. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. म्हणजे पुन्हा पाहिल्याने जे पक्कं झाल्यासारखं वाटतं ते आठवड्यात निसटतं. व्हिडिओला हेच लागू करावं. पंधरा मिनिटांचा भाग पाहावा, बंद करावा, कोऱ्या पानावर आठवेल ते मराठीत लिहावं: मुख्य मुद्दा, एक उदाहरण, न कळलेली जागा. मग व्हिडिओ पुन्हा उघडून फक्त चुकलेलं तपासावं. तासाभराच्या व्याख्यानाला असे दोन तास लागतात. कंटाळवाणं आहे खरं, पण परीक्षेआधी तेच व्याख्यान तिसऱ्यांदा पाहायची वेळ येत नाही. दीडपट वेगाने पाहणं उजळणीला ठीक. पहिल्यांदा पाहताना नको.

मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी व्याख्यानं जड जातात. इंग्रजी सबटायटल लावून पाहिलं की उच्चारात हरवलेला शब्द डोळ्यांना सापडतो. वहीच्या मागच्या पानांवर विषयवार संज्ञांची यादी करावी: इंग्रजी शब्द, मराठी प्रतिशब्द, आणि आपल्या भाषेत एक ओळ. विषयाला चाळीस-पन्नास संज्ञा जमल्या की पुढची व्याख्यानं बरीच सोपी होतात, कारण फिरून फिरून त्याच संज्ञा येतात. आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचे आणि केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे अभ्यासक्रम सगळ्यांना फुकट उघडे आहेत. आपल्या विषयाचं दुसऱ्या शिक्षकाने केलेलं विवेचन तिथे शोधावं. एनपीटीईएलचं प्रमाणपत्र हवं असेल तर साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन देण्याच्या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. पहिल्या सत्रात मात्र जास्तीचं प्रमाणपत्र अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डेटाचं गणित सोपं आहे. मध्यम दर्जाचा, म्हणजे ४८०पीचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो, ७२०पीला त्याच्या दुप्पट किंवा जास्त. रोजच्या दीड जीबीत थेट तास आणि व्हिडिओ दोन्ही बसवायचे तर ४८०पी पुरे, फळ्यावरचं लिखाण त्यातही वाचता येतं. थेट तासाला आपला कॅमेरा बंद ठेवला की बराच डेटा वाचतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पट्ट्यात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. तिथल्या विद्यार्थ्यांनी बाजाराच्या किंवा तालुक्याच्या फेरीत आठवड्याचं साहित्य उतरवून घ्यावं, पीडीएफ आधी, व्हिडिओ नंतर. थेट तास बुडला तर बहुधा रेकॉर्डिंग मिळतं, पण ते किती दिवस राहतं हे आधी विचारून ठेवावं.

रेकॉर्डिंग असतं म्हणून थेट तास टाळायची सवय मात्र लागू देऊ नये. थेट तासाला मोठं मोल आहे, आणि ते प्रश्नामुळे. दीडशे जणांच्या तासाला प्रश्न विचारणारे सहा-सात असतात. बाकीचे लाजेने गप्प बसतात, इंग्रजी चुकेल म्हणून, सगळे वाचतील म्हणून. चॅटमध्ये मराठीत लिहायला बहुतेक ठिकाणी काहीच हरकत नसते. प्रश्न असा विचारावा की उत्तर देणं सोपं जाईल. "युनिट तीन समजलं नाही" याला शिक्षक काय सांगणार? "पान ४२ वरच्या उदाहरणात दुसऱ्या पायरीला घसारा वजा का केला? मी तो मिळवून पाहिला तर उत्तर जुळत नाही" असं लिहिलं की दोन ओळींत नेमकं उत्तर येतं, आणि शिक्षकाला आपलं नाव लक्षात राहतं. पुढे अडचण आली, स्वाध्याय अडकला, तर ओळखीच्या नावाच्या मेलला उत्तर लवकर मिळतं.

सोबतीचं तसंच. पहिल्या आठवड्यात दोनशे जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो. दिवसाला शंभर मेसेज, त्यात नव्वद "पेपर कधी आहे?" आणि उरलेल्यांत अफवा. तो म्यूट करावा, तारखा फक्त विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्याव्यात. त्यातूनच आपल्यासारखी वेळ असलेले तीन-चार जण शोधून त्यांच्याशी रविवारी संध्याकाळी अर्धा तास फोनवर बोलायचं ठरवावं: या आठवड्यात काय झालं, काय राहिलं, पुढच्या रविवारपर्यंत काय करणार. एवढंच. कुणीतरी विचारणार आहे, या जाणिवेने जेवढा अभ्यास होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. घरबसल्या शिकण्यात कमी पडतो तो हाच "काल का नव्हतास?"

स्वाध्यायांकडे नवे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, कारण सत्रान्त परीक्षा मोठी वाटते. यूजीसीच्या नियमांत अंतर्गत मूल्यमापनाला कमाल ३० टक्के वजन आहे. हे गुण घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून मिळण्यासारखे असतात, आणि अंतिम परीक्षेत दहा गुण वाढवायला जो घाम गाळावा लागतो त्याच्या मानाने स्वस्त. ते बुडतात ते अपलोड करताना. हाताने लिहिलेली पानं दिवसा खिडकीजवळ ठेवून स्कॅनिंग अॅपने काढावीत, रात्री ट्यूबखाली आपल्याच हाताची सावली पडते. सगळ्या पानांची एकच पीडीएफ करावी, पानांचा क्रम आणि दिशा तपासावी, आकार पोर्टलच्या मर्यादेत आणावा. फार दाबली तर अक्षरं पुसट होतात, म्हणून कृष्णधवल पर्याय वापरावा. फाइलच्या नावात पीआरएन आणि विषयाचा कोड असावा. अपलोड झाल्यावर तीच फाइल पोर्टलवरून पुन्हा उघडून पाहावी; कोरी किंवा अर्धवट फाइल गेल्याचं निकालात कळलं तर उपयोग नाही. पोचपावतीचा स्क्रीनशॉट आणि तारीख जपावी. आणि शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नये. त्या रात्री सगळ्यांचीच झुंबड असल्याने पोर्टल रेंगाळतं, आणि वादळात वीज गेली तर पॉवर बँक मोबाईल जिवंत ठेवेल, टॉवर नाही.

परीक्षा लेखी असेल तर शेवटचे दोन महिने हाताला सरावात ठेवावं लागतं. सत्रभर टाइप करणाऱ्या किंवा नुसतं पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा हात तीन तासांच्या पेपरला दुसऱ्या तासात भरून येतो आणि शेवटचे दोन प्रश्न येत असूनही लिहायचे राहून जातात. दर रविवारी जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन दीर्घ प्रश्न घड्याळ लावून लिहावेत. संगणकावर देखरेखीखाली परीक्षा असेल तर सराव-चाचणी चुकवू नये, आणि ती ज्या यंत्रावर, ज्या खोलीत, ज्या इंटरनेटवर परीक्षा द्यायची तिथेच द्यावी. पाठीमागून कुणी गेलं, शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू आला, तरी यंत्रणा नोंद घेऊ शकते. घरातल्यांना त्या दोन-तीन तासांची कल्पना द्यावी.

एवढं करूनही पहिल्या सत्रात मागे पडायला होतंच. लग्नसराई, आजारपण, कंपनीतला ओव्हरटाइम, आणि तीन आठवडे कसे गेले ते कळत नाही. तेव्हा बहुतेक जण जिथे सोडलं तिथून क्रमाने सुरू करतात. ते मागचं भरून काढेपर्यंत पुढचं साठतं, आणि महिनाभर राबूनही अंतर तेवढंच राहतं. त्यापेक्षा आज पोर्टलवर जो आठवडा चालू आहे तिथून सुरुवात करावी, थेट तासाला बसावं, या आठवड्याचा स्वाध्याय आधी द्यावा. सुटलेल्या भागासाठी रविवारचे तीन तास वेगळे काढावेत, आणि त्यात व्हिडिओ पाहत बसू नये. घटकाच्या शेवटचा सारांश वाचावा, त्याखालचे स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न न बघता सोडवावेत, आणि ज्यांची उत्तरं येत नाहीत तेवढीच पानं उघडावीत. अशाने तीन आठवड्यांचा भाग चार-पाच रविवारांत आटोक्यात येतो. स्वाध्यायाची तारीख उलटून गेली असेल तर गप्प न राहता त्याच दिवशी समन्वयकांना मेल करावा: नाव, पीआरएन, विषयाचा कोड, कारण दोन ओळींत, आणि लिहिलेला स्वाध्याय सोबत जोडलेला.